फ्रेमवाल्याचं न वाकणारं बोट

फोटोंना काच आणि चौकट बसवण्यात फ्रेमवाल्यांची तीस वर्षं गेली होती. इतक्या वर्षांत हाताला काच लागली नव्हती असं नाही. पण चिकटपट्टी लावायची आणि पुढच्या फोटोला हात घालायचा, एवढंच. त्या सोमवारी मात्र आरशाचा तुकडा निसटला आणि हे त्याला झेलायला गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. उजव्या तळहातावर, करंगळीशेजारच्या बोटाच्या मुळाशी खोल चीर पडली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी चार टाके घातले, दहा दिवसांनी काढले. जखम छान भरली. डॉक्टर खूश, फ्रेमवालेही खूश.

बोट मात्र वाकेना. मूठ वळली की बाकीची बोटं आत आणि हे एकटं रुसलेल्या जावयासारखं ताठ. टाक्यांचा ताठरपणा आहे, जाईल, असं ते म्हणत राहिले. महिना गेला. एका सकाळी काच कापायचं हत्यार हातातून तिसऱ्यांदा घसरलं, तेव्हा काउंटरवर बसलेल्या बायकोने उठून सरळ शटर ओढलं.

"जाईल, जाईल म्हणता म्हणता बोटच जाईल," ती म्हणाली.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाडं ठणठणीत होती. हे माझं काम नाही म्हणत त्यांनी चिठ्ठी दिली: प्लास्टिक सर्जनला दाखवा. फ्रेमवाल्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. प्लास्टिक सर्जन नटनट्यांची नाकं सरळ करतात, एवढंच त्यांना ठाऊक. "माझ्या बोटाला काय लग्नाला उभं करायचंय?" त्यांनी विचारलं. बायको हसली नाही.

पहिल्या दवाखान्यात भिंतीभर नाकं आणि हनुवट्याच टांगलेल्या होत्या. फ्रेमवाले मात्र चौकटींचे उघडे पडलेले कोपरे बघत बसले. तिथला डॉक्टर भला माणूस निघाला. शिक्षण आमचं एकच, पण मी चेहऱ्याचं काम करतो, तुम्ही रोज हातच करणाऱ्यांना गाठा, असं सांगून त्याने मोठ्या रुग्णालयातल्या एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला.

त्या बाईंच्या दाराबाहेर तासभर बसल्यावर फ्रेमवाल्यांना बरंच कळलं. शेजारी एक बेकरीवाला होता. भाजल्यावर त्याच्या तळहाताची कातडी आखडून बोटं आत ओढली गेली होती. समोर एका आईच्या मांडीवर तान्ही मुलगी, तिची दोन बोटं जन्मापासून जोडलेली. दिवसभर टाइप करणाऱ्या एका बाईंच्या मनगटात नस दबून मुंग्या येत होत्या. नाक दाखवायला आलेलं कोणीच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी बाकीची बोटं सरळ धरून ठेवली आणि ते एकच वाकवायला सांगितलं. ते हललंही नाही. मग त्याच्या दोन्ही बाजूंना टाचणी टोचली. एका बाजूला काहीच जाणवलं नाही.

"काका, सायकलच्या ब्रेकची तार तुटली की दांडी कितीही दाबा, चाक थांबत नाही. तसं झालंय. बोट वाकवणारी दोरी आत कापली गेलीय, एक बारीक नसही. वरून जखम भरली म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही."

पहिल्या आठवड्यात आला असतात तर टोकं जोडता आली असती, आता ती मागे सरकलीत, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. मनगटातली, फारशी कामाची नसलेली एक दोरी काढून तिथे लावावी लागेल. बायकोने विचारलं, अशी ऑपरेशनं तुम्ही किती केलीत, आणि पुढचे व्यायाम कोण करून घेणार? बाईंना राग आला नाही. एकेक उत्तर देऊन त्या शेवटी म्हणाल्या, "पूर्वीसारखं होईल असं मी म्हणणार नाही. पण कामाला येईल."

त्या एका वाक्यावर फ्रेमवाल्यांचा विश्वास बसला.

ऑपरेशन नीट पार पडलं. त्यानंतर हात आधाराच्या साच्यात, तीन महिने जड काम बंद. दुकानात कामं खोळंबली, तेव्हा बायकोने हत्यार उचललं. जोर किती द्यायचा हे फ्रेमवाल्यांना सांगता येईना. हाताला ठाऊक होतं, तोंडाला नव्हतं. "कागदावर पेन्सिल चालवतो तसं... नाही, त्याहून जरा..." पहिल्या दिवशी पाच काचा वाकड्या तुटल्या. ते ओरडले नाहीत. पुढे रोज सकाळी ते बोटाचे व्यायाम मोजत आणि ती टाकाऊ काचेवर रेघा ओढी. दोघंही कंटाळत, पण सोडत नसत.

आज त्यांचं बोट बारा आणे वाकतं. टोकाची एक बाजू अजून बधिरच आहे. चहाचा पेला त्या बाजूने धरायचा नाही हे ते शिकलेत. कोपरे जुळवणं त्यांच्याकडे, मोठ्या काचा तिच्याकडे. गिऱ्हाईक त्यांच्यापुढे आरसा धरतं, तेव्हा ते मान वळवून म्हणतात, "कापायचं ना? मालकिणीकडे द्या."