चेष्टा

"चेष्टा करो बेटा, चेष्टा." पेशंटच्या कपाळावर दोन बोटं टेकून आमचे डॉक्टर हेच म्हणायचे. भोपाळमध्ये बाकी सगळे 'कोशिश' करतात. यांची हिंदी शुद्ध, त्यामुळे यांची चेष्टा. मी वॉर्डची सिस्टर, निम्मं आयुष्य इथे गेलं, तरी मला हसू यायचंच.

"सर, मराठी में चेष्टा मतलब मज़ाक उड़ाना."

"तो अपनी मराठी सुधारिए, सिस्टर."

असे हट्टी डॉक्टर तुम्हीही पाहिले असतील. पण थिजलेल्या पोरांसाठी यांच्यासारखा माणूस नव्हता. ही पोरं बोलत नाहीत, गिळत नाहीत, हात उचलून ठेवला तर तो तसाच वर राहतो. घरचे म्हणतात अंगात आलंय, नाहीतर नाटक. डॉक्टर इंजेक्शन द्यायचे, तेवढ्याने भागलं नाही तर भूल देऊन शॉक. मग एका सकाळी पोर पोहे मागायचं.

ती मुलगी सोळा वर्षांची. वडिलांची बदली झाली म्हणून कोल्हापूर सोडून दीड महिन्यापूर्वी इथल्या शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आलेली. वडिलांची हिंदी जेमतेम. "हिला इथं यायचंच नव्हतं. नाटक करतीय," ते मला म्हणाले. तरी शॉकच्या कागदावर सही करायला त्यांनी पेन घेतलं.

तेवढ्यात इंजेक्शननंतर पहिल्यांदाच मुलीचे ओठ हलले. डॉक्टर आनंदाने ओरडले, "देखिए, आपकी बेटी चेष्टा कर रही है!"

मला हसू फुटलं.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि मुलीच्या थोबाडीत मारली. "आमची चेष्टा करतीस व्हय?" तिचं तोंड फिरलं ते तसंच राहिलं.

मी अर्थ समजावला. डॉक्टरांनी हात जोडले.

"मग तुम्ही हसला कशाला?" वडिलांनी मला विचारलं. स्वतःच्या जबाबदारीवर नेतो असं लिहून देऊन ते तिला घेऊन गेले.

नवव्या दिवशी परत आणली. पुरेसं पाणी पोटात न गेल्याने मूत्रपिंडं गेली होती. दोन दिवसांत मुलगी संपली.

"ती खरंच प्रयत्न करत होती?" वडिलांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "हाँ."

मला डॉक्टर एका शब्दानेही रागावले नाहीत. मात्र त्यानंतर बोटं टेकून "चे..." म्हणायचे, माझ्याकडे बघायचे आणि "कोशिश" म्हणायचे. निवृत्त होईपर्यंत तसंच चाललं.

आता नवे डॉक्टर आहेत. मी इंजेक्शन भरून देते आणि तोंड मिटून उभी राहते.