गिरजामावशीने सांगितलेल्या कुस्त्या

मी वर्गावर होतो. पालमच्या आमच्या शाळेच्या फाटकाशी एक मेंढपाळ येऊन उभा राहिला आणि तिथूनच त्याने हाक मारली, "मास्तर, गिरजाबाई गेली." मी खडू हातात घेऊनच बाहेर आलो. कशाने गेली, विचारले. "तापानं. निजली ती उठलीच न्हाई," तो म्हणाला. माझा विश्वास बसेना. माझ्या मावशीच्या कपाळावर खोक होती, जबडा वाकडा बसलेला होता, पुढचे दात गेलेले होते, डाव्या हाताची करंगळी वळत नव्हती. ही बाई कधीतरी कुणाच्या तरी हातून मार खाऊनच मरणार, असे मी मनात धरून चाललो होतो. आणि ती साध्या तापाने गेली, स्वतःच्या घोंगडीवर, कुणाला एक शिवीही न देता... याला आता तीन-चार आठवडे होत आले. ताडकळसच्या बाजारात जे तिला ओळखत होते त्यांना मी काही नवे सांगणार नाही. पण बाहेरच्यांना ती ठाऊक असावी म्हणून लिहितो आहे.

गिरजामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. आम्ही धनगर. ताडकळसच्या अलीकडे एका वस्तीवर तिचे घर आणि मेंढ्यांचा वाडा होता. बाजाराच्या दिवशी ती घोंगड्या आणि लोकर घेऊन बसायची. हिवाळ्यात त्याच दिवशी बाजारामागच्या आखाड्यात कुस्त्या लागत. आखाड्यात बायांनी जायचे नाही. मावशी कुंपणाबाहेर सोडलेल्या एखाद्या बैलगाडीवर चढून उभी राही आणि तिथून पहिल्या सलामीपासून शेवटच्या कुस्तीपर्यंत सगळे बघे. नंतर घोंगड्यांपाशी परत येऊन ती प्रत्येक कुस्ती सांगत असे. कोण कुठे चुकला, कोणाला पंचाने फुकट जिंकवला, कोण खाऊनपिऊनही मऊ राहिला, सगळे. स्वतः पैलवान लंगोटावर सदरा चढवून ऐकायला येत आणि शिव्या खाऊन जात. डावखुऱ्या पैलवानांबद्दल तिच्या मनात उगाच अढी होती. त्यांच्याबद्दल ती कधी बरे बोलली नाही. त्याला काही कारण नव्हते.

हे सुरू कसे झाले ते सांगायला हवे. तिचा नवरा, आमचा सोपानकाका, चांगला पैलवान होता. निजामाचे राज्य असतानाच एका जत्रेत त्याला प्रतिस्पर्ध्याने कमरेत धरून उचलले आणि उलटा आपटला. आखाडा नीट खणलेला नव्हता. माती वरून लाल आणि आत दगडासारखी. हाड मोडल्याचा आवाज हलगीच्या आवाजातूनही ऐकू आला, असे लोक सांगत. काका जगला, पण कमरेखाली मेला. त्या दिवसापासून तो बाजेवर पडून राहिला आणि त्याला दोनच गोष्टी सुचत... मावशीला शिव्या देणे आणि कुस्त्यांची चौकशी करणे. शेवटी एका बाजाराच्या दिवशी तो म्हणाला, "तू जा आन् बघून ये. मला समदं सांग." तिने नाही म्हटले तर त्याने डोके बाजेच्या लाकडावर आपटायला सुरुवात केली. मग ती जाऊ लागली.

सुरुवातीला तिला कुस्तीतले काहीच कळत नव्हते. एकदा ऊन फार होते, ती कंटाळली, झाडाखाली बसून राहिली आणि घरी येऊन मनानेच एक कुस्ती रचून सांगितली. सुटीत मी तिच्याकडे गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. काका डोळे मिटून ऐकत होता. मध्येच म्हणाला, "दोनी हातांनी मान धरली म्हन्तीस, मंग पाय कुन्या हातानं ओढला? तिसरा हात हाय का त्याला?" आणि उशाचा पितळी तांब्या त्याने असा भिरकावला की तिचे कपाळ फुटले. रक्त डोळ्यांत उतरले. मी धावलो, तर तिने मला ढकलून दिले. पदराने तोंड पुसले, कोपऱ्यात गेलेला तांब्या उचलून आणला आणि परत त्याच्या हाताशी ठेवला.

"आता मार. पर उठून मार."

काका रडू लागला. आडवा पडलेला माणूस रडतो तेव्हा पाणी कानात जाते, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मावशीने ते पुसले नाही. चुलीकडे जाऊन तिने कपाळात हळद दाबली आणि भाकरी थापायला बसली. पण पुढच्या बाजारापासून ती गाडीवर चढून उभी राहू लागली. घरी आली की काकाचे निर्जीव पाय उचलून दाखवी. हा असा होता, हा असा मागे राहिला, इथे त्याने गुडघा घातला... काकाच्या त्या काटकुळ्या पायांनी त्या घरात पुढची कितीतरी वर्षे कुस्त्या झाल्या. तो ओरडून चुका काढी, ती ओरडून उत्तर देई. शेजारी म्हणत, नवरा-बायको भांडायलेत. ते भांडत नव्हते.

पोलीस ॲक्शन झाली. त्यानंतरच्या हिवाळ्यात, आखाडे पुन्हा भरू लागल्यावर, एका बाजाराच्या दिवशी मावशी दिवेलागणीला घरी परतली तर काकाचे अंग गार पडले होते. शेजारणीला उशिरापर्यंत काही कळले नाही, कारण आतून मावशीचा आवाज येत होता. त्या दिवसाच्या सगळ्या कुस्त्या तिने त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितल्या आणि मगच बाहेर येऊन हंबरडा फोडला. सुतक सरल्यावर पहिल्याच बाजाराला ती पुन्हा गाडीवर होती. आता घरी ऐकणारे कोणी नव्हते, म्हणून ती बाजारात सांगू लागली.

तिच्या तोंडाला भिऊन बरेच पंच सुधारले होते. एकच माणूस सुधारला नाही, तो म्हणजे इनामदाराचा मुलगा व्यंकट. अंगाने दांडगा, खुराक उत्तम, पण हरणे त्याला सोसत नसे. फेटा आणि इनाम त्याच्याच घरून येई, हलगीवालेही त्यांचेच. समोरच्याचे बोट मोडणे, डोळ्यांत माती टाकणे हे त्याने पूर्वीही केले होते. एका वर्षी त्याची कुस्ती रामाशी लागली. रामा म्हणजे आमच्याच वस्तीवरचा, मेंढ्यांमागे फिरून तयार झालेला, विशीतला. मी तेव्हा नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. कुंपणाला रेलून बघत होतो. मावशी माझ्या मागच्या गाडीवर होती.

रामाने व्यंकटला थोड्याच वेळात पालथा पाडला, पाठीवर चढला आणि त्याला उताणा करू लागला. व्यंकटचा एक खांदा मातीवरून उचलला गेला होता. लोक उठून उभे राहिले. तेवढ्यात व्यंकटचा हात मागे गेला. त्याने रामाचे तोंड चाचपले आणि अंगठा डाव्या डोळ्यात घातला, खोल, बाटलीचे बूच आत ढकलावे तसा. रामाची किंकाळी मी अजून विसरलेलो नाही. त्याची पकड सुटली. व्यंकटने त्याला उलटा फिरवून पाठ मातीला लावली आणि छातीवर बसला. रामाच्या बोटांमधून रक्त वाहत होते. आणि पंचाने व्यंकटचा हात वर केला. हलगी वाजू लागली.

"थांबवा ती हलगी!" मावशीचा आवाज साऱ्या आखाड्यावरून गेला. "आरं पोराचा डोळा काढलाय त्यानं, आन् तुमी वाजवायलाव? पालथा पडला व्हता त्यो. खांदा उचलला व्हता. डाव सुचना तवा अंगठा घातला, बेइमानानं! पंचा, तू त्याच बाजूला हुबा व्हतास. तुला दिसलंय. तू सांग!"

हलगी खरोखरच थांबली. व्यंकट लंगोटावरच कुंपण ओलांडून आला. त्याने मावशीचा पाय धरून तिला गाडीवरून खाली ओढले. ती चाकावर आपटली. पडल्या पडल्या तिने हातातल्या काठीचा असा तडाखा त्याच्या नडगीवर दिला की त्याची कातडी सोलली गेली. मग त्याने तिच्या तोंडावर लाथ घातली. एकदा नाही. मी मध्ये गेलो तर त्याच्या माणसांनी मला लोळवले. तेव्हा मोडलेली माझी बरगडी आजही थंडीत दुखते. मातीत माझ्या तोंडासमोर मावशीचा दात पडला होता. ती बोलायचा प्रयत्न करत होती आणि तिचा जबडा जागेवर नव्हता.

परभणीच्या दवाखान्यात रामाचा डोळा काढून टाकावा लागला. मावशीचा जबडा कापडाने बांधून दिला आणि बोलायचे नाही म्हणून बजावले. तक्रार घ्यायला आलेला जमादार म्हणाला, कुस्तीत लागतंच. आम्ही गाडीने वस्तीवर परतलो, तर मेंढ्यांचा वाडा शांत होता. आत सगळ्या मेंढ्या गळे चिरून पडल्या होत्या. एकही नेली नव्हती. माशांचा आवाज तेवढा होता. मावशी मग घरात गेली, लोकर कातरायची कात्री आणली आणि मेलेल्या मेंढ्यांमध्ये बसून एकेकीची लोकर कातरू लागली. रक्ताने माखलेली लोकर वेगळी, स्वच्छ वेगळी. मी म्हणालो, मावशी, आता राहू दे. तिने कात्रीचे टोक माझ्याकडे केले. मी मेंढ्या धरू लागलो.

पुढच्या बाजाराला ती येणार नाही असे सगळ्यांनी धरले होते. ती आली. तोंड सुजून काळेनिळे, जबडा बांधलेला. तिने नेहमीसारखी घोंगडी पसरली. हळूहळू लोक जमले, पैलवान आले, पंचही मागे येऊन उभा राहिला. मग कोणीतरी हळूच म्हणाले, "मावशी, तुमाला तर बोलता येईना. आज ऱ्हाऊ द्या."

तिने माझे मनगट धरून मला पुढे ओढले. पदर कमरेला खोचला आणि भर बाजारात घोंगडीवर पालथी झाली. मला कळेना. तिने हाताने खुणावले, पाठीवर ये. मी शरमेने अर्धा झालो, पण गुडघे टेकून रामाने धरले होते तसे तिला धरले. माझा एक हात तिने ओढून बरोबर जागेवर नेला. मग तिचा खांदा उचलला गेला, तिचा हात मागे आला, माझे तोंड चाचपले आणि अंगठा माझ्या डोळ्यावर आला. तिने तो दाबला. खराखुरा दाबला. मी ओरडलो. अंगठा तसाच ठेवून ती थांबली, सगळ्यांना नीट बघू दिले. गर्दीत एक म्हातारा "आई गं" म्हणाला. मग तिने मला उलथवले, छातीवर बसली आणि स्वतःचाच हात वर धरला, जिंकलेल्याचा धरतात तसा. तोच हात हळूहळू खाली आणून तिने पंचाकडे बोट केले.

पंच मान खाली घालून निघून गेला. पुन्हा त्याने कुठल्या आखाड्यात पाऊल ठेवले नाही.

त्याच दिवशी दुपारी व्यंकट आखाड्यात उतरला. नडगीला पट्टी होती. रिवाजाप्रमाणे तो हात पुढे करून फिरू लागला. ज्याला लढायचे त्याने हात मिळवायचा. कोणी मिळवेना. त्याच्या बापाने इनाम वाढवले. बसलेल्या पैलवानांनी एकामागून एक सदरे चढवले. व्यंकट आयाबहिणींवरून शिव्या देत फिरत राहिला. शेवटी राणीसावरगावचा एक तगडा पैलवान उठला, तेव्हा व्यंकटचा चेहरा उजळला. त्या पैलवानाने वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली आणि पाठ फिरवून बाहेर निघून गेला. पोलिसांनी जे केले नाही ते असे झाले. व्यंकट पुढे नांदेडकडे मोटारींच्या धंद्यात गेला. तिथे तो सुखात आहे असे ऐकतो. मेंढ्या कोणी मारल्या ते सगळ्यांना ठाऊक होते, पण शाबीत काही झाले नाही. मावशीने उसनवारीने दोन मेंढ्या आणल्या आणि पुन्हा सुरुवात केली.

तिचा जबडा वाकडाच बसला. बोलणे फुसफुसत येई, पण ती थांबली नाही. हैदराबादचे राज्य मोडले, आमचा जिल्हा मुंबईकडे गेला, तरी तिच्या शिव्या मात्र त्याच राहिल्या. या दिवाळीत मी तिला भेटलो तेव्हा तिने सुरुवातच अशी केली, "मास्तर, तुझी पाठ वाकायलीय. पोरं काय शिकनार तुझ्याकडून?" तंबाखू चोळत ती हसली. तेच शेवटचे.

गेल्या बाजाराला मी मुद्दाम ताडकळसला गेलो. आता रामा तिथे पंच आहे. एका बड्या घरच्या मुलाची कुस्ती चालू होती. त्याने समोरच्याची दोन बोटे धरून मागे पिरगळली. रामाने ताबडतोब कुस्ती थांबवली. त्या घरचे लोक उठून अंगावर आले. एकाने रामाची गचांडी धरली. "डोळा गेला तरी खोड जाईना का तुजी?" तो ओरडला. रामाने त्याचा हात सोडवला नाही. तसाच उभा राहून त्याने ती कुस्ती मोठ्याने सांगितली, सलामीपासून, पाय कुठे होता, हात कुठे होता, बोटे कधी धरली. सांगून झाल्यावरच त्या माणसाचा हात ढिला झाला.

तेव्हा माझे कुंपणाबाहेर लक्ष गेले. सोडलेल्या बैलगाड्यांवर बाया उभ्या होत्या, म्हाताऱ्या, तरण्या, कडेवर पोर घेतलेल्या. गाड्या आखाड्याच्या डाव्या अंगाला होत्या. त्या बाजूचे रामाला दिसत नाही, म्हणून तो सगळ्या अंगाने वळला आणि त्याने विचारले, "तुमाला दिसलं का?"

"दिसलं!" बाया ओरडल्या.