ग्रीस चोपडलेला दोर

तारमास्तरांनी उमेदीची सगळी वर्षं खड्ड्यात गेलेल्या गाड्या बाहेर काढण्यात घालवली. जीपच्या नाकावर गाडी ओढायचं विंच, विंचवर लोखंडी तार आणि तारेला दर रविवारी सढळ हाताने ग्रीस. मग त्यांच्या कंबरेने संप पुकारला आणि जीप त्यांच्या बायकोकडे गेली. तिला अख्खी गल्ली वहिनी म्हणते.

जीप हाती येताच वहिनींनी तार उतरवली आणि प्लास्टिकच्या धाग्यांचा निळा दोर चढवला.

"विंचचा दोर की पायजम्याची नाडी?" मास्तर म्हणाले.

"तुमच्या नाडीपेक्षा भरवशाचा आहे."

तरी मास्तरांचं मन मोठं. एका रविवारी वहिनी बाहेर गेल्या असताना त्यांनी नाडीला माफ केलं आणि तिला मायेने ग्रीस चोपडलं. दुसऱ्या दिवशी वहिनींनी काही न बघता त्याच दोराने रेतीत रुतलेला ट्रॅक्टर ओढला. दोर घरी आला तो रेतीत लोळलेल्या म्हशीसारखा.

वहिनींनी दोराला बोट लावलं, बोटाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अहो, तार गंजते म्हणून तिला ग्रीस. हा कशाला गंजतोय? आता ही रेती आत शिरून धागे कापणार."

"मी आपलं प्रेमाने..."

"प्रेम माझ्यावर करा. दोराला साबण लावा."

दोघं टबाशी बसली. साध्या साबणाच्या पाण्यात दोर वीतवीत चोळला. एके ठिकाणी धागे पिंजलेले निघाले. वहिनींनी तो तुकडा कापून टाकला.

"गाठ मारू?" मास्तरांनी घाईने विचारलं.

"गाठ मारली की निम्मी ताकद गेली." त्यांनी दोराची पोकळ वीण सैल केली, एक टोक दुसऱ्याच्या पोटात लांबवर सरकवलं आणि दोर सावलीत वाळत घातला.

तो विंचवर गुंडाळून होतो न होतो तोच फोन आला. दुधाची गाडी कालव्याच्या उतारावर घसरून पाण्याच्या तोंडाशी अडकली होती. दोर तुटला तर नाव जाणार वहिनींचं, आणि ग्रीस होतं मास्तरांचं. कंबर धरून तेही जीपमध्ये चढले.

दगडी काठावर दोर घासू नये म्हणून वहिनींनी त्यावर जाड कापडी नळी सरकवली, तुटलाच तर उसळू नये म्हणून मधोमध जड ताडपत्री टाकली आणि सगळ्यांना लांब पिटाळलं. सगळ्यात लांब मास्तरांना. दोर ताणला. जोड आवळत गेला, बारीक झाला. मास्तरांनी श्वास असा धरला की जणू गाडी त्यांच्याच बरगड्यांना बांधली होती. गाडी हलली, थबकली आणि कॅनचा खणखणाट करत उतार चढून रस्त्यावर आली.

चालकाने वाकून दोर न्याहाळला. "मास्तर, जोड दिसतोय. हात तुमचाच असणार."

गाडीवाले, बघे, सगळे ऐकत होते. असा मान आयता चालून आला, की मास्तर एरवी नाही म्हणत नसत.

"छे. मी दोर बिघडवला," ते छाती पुढे काढून म्हणाले. "जोडला तो हिने."

बिघडवायलाही मोठी विद्या लागते, असाच त्यांचा सूर होता.