रुमालाखालची बोटं

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. आमच्या जुन्या दुकानातल्या एका गड्याचा विषय निघाला की पाणी प्यायच्या निमित्तानं उठायचो. त्या दुकानातलं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, तेव्हा सांगून टाकतो.

सत्तरच्या दशकात सांगलीच्या हळद बाजारात मी एका अडत दुकानाचा दिवाणजी होतो. पोती तोलायला माण भागातला एक तिशीतला गडी होता. काटा स्थिरावेपर्यंत तळहात उंचावून सगळ्यांना थोपवायचा. "हलतोय अजून. दम धरा."

हळदीचा सौदा तेव्हा रुमालाखाली व्हायचा. अडत्या आणि खरेदीदार रुमालाआड एकमेकांची बोटं दाबत. भाव त्या दोघांनाच कळे. एका हंगामात या गड्याला वाटू लागलं, ती बोटं आपल्याविषयी बोलतात.

आधी त्यानं आमचा चहा सोडला, मग अंघोळ. कानात कापूस घालून यायचा, तरी मध्येच वळून ओरडायचा, "आता गप रं!" तिथं कुणी नसे.

"कोण हाय गड्या? आमाला बी दाव की!" हमाल म्हणायचे. मीही हसायचो.

एका दुपारी तो सरळ माझ्यापुढं आला.

"दिवाणजी, तुमी खोटं बोलत न्हाई. रुमालाखाली माझंच चाललंय न्हवं?"

सगळे बघत होते. मी रुमाल घेतला, त्याचा हात खाली ओढला आणि गंभीर चेहऱ्यानं कशीही बोटं दाबली. दुकान हसून लोळलं. तो हसला नाही.

"म्हंजे खरंच हाय," म्हणाला आणि निघून गेला. परत कामावर आला नाही.

काही दिवसांनी त्याची बहीण आली. मिरजेच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया सांगितलं होतं. भाऊ सोंग करत नाही, आवाज त्याला खरोखर ऐकू येतात, थट्टेनं हा आजार होत नाही, गोळ्यांनी आवाज कमी होतील. सगळं ती पाठ केल्यासारखं सांगत होती.

"पर गोळी घेत न्हाई. म्हणतोय, समदं मनाचं असतं, तर दिवाणजींनी कबूल कशाला केलं असतं? आवं, एकदा येऊन सांगा त्याला, थट्टा केली म्हणून."

"येतो," मी म्हणालो. हंगामाचं कारण स्वतःला देत राहिलो. गेलो नाही.

तो कितीतरी महिने उपचाराविना भटकला, हे हमालांकडून कळत होतं. शेवटी बहिणीनंच त्याला शोधून पुन्हा मिरजेला नेलं.

दशक सरताना दोघं सांगली स्टँडवर दिसली. तो अंगानं सुटला होता, हाताला कंप होता, पण दाढी केलेली.

"दिवाणजी, बरं हाय न्हवं?" त्यानं सरकून मला जागा दिली. "आवाज येत्यात कवा कवा. पर लांबनं. गोळी चालू हाय."

बहीण माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"आज गर्दी फार आहे," मी म्हणालो.

गाडी लागली. खिडकीतून त्यानं हात केला. बहिणीनं केला नाही.

तो वारल्याचं मला फार उशिरा कळलं. मला त्याला एवढंच सांगायचं होतं : रुमालाखाली तुझ्याविषयी कुणीच काही बोलत नव्हतं. ती माझी थट्टा होती. मला माफ कर.