भिंगरीची तिसरी तार

लाँड्रीत तिला सगळे भिंगरीच म्हणत. वाफेच्या इस्त्रीसमोर उभी असली तरी तिचा एक पाय सतत हलत असायचा, आणि जरा हात मोकळा झाला की ती शेजारणीच्या टेबलावरच्या चादरींच्याही घड्या घालून टाकायची. नाव मूळचं तिच्या दादानं ठेवलेलं. आईवडिलांच्या माघारी त्यानंच तिला वाढवलं. तिला एका जागी बसवायचे सगळे उपाय थकले, तेव्हा बंद पडलेल्या एका हॉटेलच्या लिलावातून त्यानं एक गिटार आणली. पत्र्याच्या अंगाची, पोटात ॲल्युमिनियमची पातळ वाटी बसवलेली रेझोनेटर गिटार. मांडीवर आडवी ठेवायची आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवत वाजवायची.

"मांडीवर एवढं ओझं असलं की उठशील कशी?" दादा म्हणाला होता.

त्याच दादाला यंदा मेंदूचा झटका आला. हातपाय वाचले, वाचा गेली. जन्मभर समोरच्याला बोलू न देणारा माणूस खिडकीशी गप्प बसून राहिला. वहिनी फोनवर म्हणाली, "बोलत नाहीत, तेही सोसलं असतं. पण हल्ली रागावतसुद्धा नाहीत गं."

त्या वाक्यानं भिंगरीचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. कामावरून येताना दादा जिन्यात एक धून शिट्टीवर वाजवायचा. ती ऐकली की पोरसवदा भिंगरी दार उघडायला धावायची. कुठलं गाणं ते कधी कळलं नाही. बहुधा त्याचं त्यालाच सुचलेलं. ती धून त्याला वाजवून दाखवायची, असं तिनं ठरवलं. रविवारी येते म्हणून वहिनीला कळवूनही टाकलं.

धून कानात पक्की होती, पण तारा लावायला घेतल्या आणि घोडं अडलं. तिची गिटार नेहमी उजळ सुरात लावलेली असायची. कांडी आडवी ठेवून सगळ्या तारा छेडल्या की खोलीत ऊन आल्यासारखं वाटे. या धूनला ते ऊन मानवेना. मग तिनं तिसरी तार अर्धा सूर खाली उतरवली. त्या एका तारेनं सगळं वाद्य उदास झालं. कांडी कुठंही ठेवा, रडवेलाच आवाज. पुन्हा वर चढवली. आता धून लबाड वाटायला लागली, दुखणं लपवून हसणाऱ्या माणसासारखी. शेवटी तीच तार मूळ सुराच्याही वर नेऊन पाहिली. तिथं ती ना हसत होती, ना रडत होती.

नवरा भाजी चिरत होता. त्याला तिनं विचारलं, "यातलं कुठलं बरं?"

"कालचं."

"काल कसं लावलं होतं?"

"ते मला काय माहीत? पण तेवढा वेळ तू एका जागी बसली होतीस."

खुंटी पिळून पिळून शनिवारी ती तार तुटलीच. भिंगरी चपला अडकवून बाजारात धावली, नवी तार घेऊन आली, आणि ती बसवताना मनाशी म्हणाली की दादाची अवस्था बघता उदासच बरं. तरी रात्री तिला धड झोप लागली नाही.

रविवारी वहिनीनं दार उघडलं. दादा खिडकीशीच होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, गिटारीकडे पाहिलं, आणि मान पुन्हा बाहेर वळवली. तिनं खुर्ची ओढली आणि उदास लावलेल्या तारांवर ती धून वाजवली, सावकाश, जड.

दादाच्या कपाळाला आठी पडली. तिनं पुन्हा वाजवलं. आता त्यानं खिडकीच्या चौकटीवर थाप मारली.

"नको का?" ती घाबरून थांबली. "बंद करू?"

त्यानं जोरजोरात नाही-नाही अशी मान हलवली. ओठ वाकडेतिकडे झाले, शब्द काही येईना. मग त्यानं डोळे मिटले आणि घशातून गुणगुणायला लागला. आवाज फाटका, पण सूर चोख. धून वर चढताना तो एक सूर उजळ घेत होता आणि उतरताना तोच सूर कोमल. भिंगरी ऐकतच राहिली. म्हणजे इतकी वर्षं तिला फक्त उतरणं आठवत होतं. आणि खरंच, शिट्टी ऐकून ती धावत दाराशी पोचेपर्यंत तो जिना चढून आलेला असायचा. तिच्या कानावर नीट पडायचा तो शेवटच.

तार पुन्हा वेगळी लावायची गरजच नव्हती. चढताना तिसऱ्या तारेवर, पहिल्या पट्टीवर, कांडीचं टोक जरासं टेकवलं की उजळ सूर मिळत होता. उतरताना तीच तार मोकळी सोडली की कोमल. तिनं तसं वाजवलं. एकदा चुकली. दादानं डोळे वटारून पुन्हा चौकटीवर थाप मारली.

"अगं बाई, रागावले!" वहिनी दारातून ओरडली आणि पदर तोंडाला लावून हसत रडत आत पळाली.

दुपारभर दादानं तिला सोडलं नाही. कुठं घाई झाली की थाप, कुठं सूर जड झाला की थाप. वाचा त्या दिवशी आली नाही, आणि डॉक्टरांनीही मोठी आशा दाखवली नव्हती. पण गाण्याच्या आधारानं शब्द शिकवतात असं त्यांच्याकडून कळल्यावर वहिनीनं त्या चालीवर घरातले शब्द बसवायला घेतले. पहिल्यांदा जमलं ते "चहा". मग "नको". तेही गाऊन.

भिंगरी आता दर रविवारी जाते. अजूनही दारातूनच विचारते, "काय वाजवू?" आणि दादा उत्तर देईपर्यंत तिला दम धरवत नाही.