पार्किंगमधली तपासणी

आमच्या युनिव्हर्सिटीत पानगळीच्या दिवसांत शिक्षण बंद असतं. म्हणजे वर्ग भरतात, पण शनिवारच्या मॅचला अडचण होणार नाही अशा बेताने. हातात चेंडू धरून पळायचं आणि समोरच्याला आडवं पाडायचं, याला इथे फुटबॉल म्हणतात. सगळं गाव एका रंगाचे टीशर्ट घालतं. आमची मराठी मंडळीसुद्धा.

या मंडळींचे पुढारी काका. माझ्या वडिलांचे नागपूरचे मित्र, शिकागोजवळ राहणारे, मेंदूचे निवृत्त डॉक्टर. मुलगा इथे शिकून गेला तेव्हा काकांच्या अंगात ही टीम आली, ती उतरलीच नाही. शुक्रवारी दुपारीच मोठी व्हॅन आणून स्टेडियमच्या पार्किंगमध्ये मोक्याची जागा धरायची, काकूंनी शेगडीवर बटाटेवडे तळायचे, शिकागोच्या डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानातून आणलेले पाव कापायचे. मीही जायचे. पत्रकं वाटणाऱ्यांनाही भूक लागते.

शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या युनियनची पत्रकं लिहायची आणि पोटासाठी स्टॅटिस्टिक्सचा एक वर्ग घ्यायचा, असं माझं चाललं होतं. त्या वर्गात टीममधला एक जण होता. पुढच्या रांगेत उभं राहून धडका घेणं हेच त्याचं काम. एका मॅचमध्ये डोक्याला धडक बसून तो पडला, उठला, पुन्हा खेळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोमवारी माझ्या ऑफिसात आला आणि ट्यूबलाइट बंद करता येईल का, असं विचारलं. अंधारात बसून मी त्याला सरासरी समजावली. पुन्हा समजावली. टीमच्या डॉक्टरने त्याला फिट ठरवलं होतं. मी म्हटलं, यावर पत्रक काढते.

"माझ्यावर एक ओळ नको," तो म्हणाला. "बाकावर दोघं माझ्या जागेची वाट बघताहेत. मी बसलो की संपलो."

टीमशी संबंध नसलेला डॉक्टर मात्र त्याला चालणार होता. तसा एक माझ्या ओळखीचा होता, आणि शुक्रवारी कुठे सापडतो तेही मला माहीत होतं.

काकांनी त्याला घडीच्या खुर्चीवर बसवलं. आधी सेल्फी, मग तपासणी. बोटामागे डोळे फिरवायला लावले. एका पायावर उभं केलं. त्याने व्हॅनचा दरवाजा धरला. मग डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला सांगितले. तो ऑक्टोबरपर्यंत आला, थांबला, आणि पुन्हा डिसेंबर म्हणाला. काकूंनी गॅस बारीक केला. काकांचा चेहरा क्षणभर खराखुरा डॉक्टरचा झाला. मला वाटलं, आता बोलतील. टीमच्या डॉक्टरांना भेट, ते एक्स्पर्ट आहेत, असं सांगून त्यांनी त्याची पाठ थोपटली.

तो गेल्यावर मी भडकले. उद्या खेळू नकोस, एवढे तीन शब्द तोंडातून निघत नव्हते?

"अगं, मी रिटायर्ड माणूस. इथे लायबिलिटी असते, उद्या कोर्टात खेचतील," काका म्हणाले. "आणि उद्याची मॅच काय आहे, तुला कळत नाही."

डॉक्टरकी रिटायर होते. सीझनचं तिकीट दर वर्षी रिन्यू होतं.

संध्याकाळी मी त्याला फोन करून खेळू नकोस म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "डॉक्टर तर काही बोलला नाही."

शनिवारी मी काकांच्या शेजारीच बसले होते. दुसऱ्या हाफमध्ये तो पुन्हा पडला. उठला, आणि शांतपणे समोरच्या टीमच्या बाकाकडे चालू लागला. सगळं स्टेडियम हसलं. काका हसले नाहीत. गळ्यातल्या टीमच्या मफलरची त्यांनी नीट घडी घातली.

"चल, आत्ताच निघू. नंतर ट्रॅफिक होईल."

मी उठले नाही. त्याला दोघांनी धरून आत नेलं, तेव्हा मोठ्या पडद्यावर बर्गरची जाहिरात चालू होती. मॅच आम्ही जिंकली, अर्थातच.

पुढच्या आठवड्यात त्याची ईमेल आली, आईने टाइप केलेली. सेमिस्टर सोडून तो घरी गेला होता. स्क्रीनकडे बघवत नव्हतं. त्याच संध्याकाळी ग्रुपवर काकांचा मेसेज: या शुक्रवारी वडे की मिसळ? खाली अंगठ्यांची रांग. मी लिहिलं, "आधी डिसेंबरपासून उलटे महिने म्हणून दाखवा, काका."

 मग काकूंनी लिहिलं, "या शुक्रवारी मी तळणार नाही."

मंडळींनी पिझ्झा मागवायचं ठरवलं.