जयतीर्थरावांनी न पाहिलेली तिसरी फेरी

जयतीर्थरावांना आयुष्यात एकदाच कुणीतरी मारलं होतं. मारणारी त्यांची आई होती आणि कारण होतं हरवलेली पूजेची पळी. त्यांचं वजन एकोणपन्नास किलोच्या वर कधी गेलं नाही. घरात कांदा-लसूण आला नाही. रक्ताचा थेंब दिसला की त्यांचे डोळे आपोआप मिटत. तरीही मिडलवेट मुष्टियुद्धाची त्यांच्याइतकी जाण असलेला दुसरा मराठी माणूस चेन्नईत नव्हता. निदान वेस्ट मांबलममध्ये तरी नक्कीच नव्हता.

घराणं तंजावरचं. घरात बोलत ती मराठी तीनशे वर्षांपूर्वी निघालेली आणि वाटेत तमिळ मिसळत आलेली. नोकरी केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनाची. तरुणपणी मूर मार्केटच्या जुन्या बाजारात बुद्धिबळाच्या एका मासिकासाठी त्यांनी रद्दीचा अख्खा गठ्ठा घेतला. त्यात बुद्धिबळाचा एकच अंक निघाला आणि मुष्टियुद्धाचे एकतीस. घेतलेली वस्तू वाया घालवायची नाही, या शिकवणीमुळे त्यांनी ते एकतीसही वाचले. पुढे कचेरीच्या क्रीडा मंडळाला स्पर्धांसाठी गुण देणारा जज्ज हवा होता. जयतीर्थरावांचं अक्षर सुवाच्य होतं, म्हणून त्यांना पाठवलं. त्यांनी नियमांचं पुस्तक विष्णुसहस्रनामासारखं पाठ केलं आणि रविवारी रिंगजवळच्या खुर्चीत जाऊन बसू लागले.

निवृत्तीनंतर वर्षभरात, म्हणजे २००३ साली, वरच्या मजल्यावर दिनकर राहायला आला. मूळचा कराडचा, बँकेतला अधिकारी, बदली होऊन आलेला. बायको-मुलं पुण्याला. कॉलेजात असताना एक वर्ष त्यानं ग्लोव्ह्ज घातले होते आणि उरलेली वीस वर्षं तो त्याबद्दल बोलत होता. एका संध्याकाळी तो टीव्हीवर जुनी लढत बघत असताना दारात एक किडकिडीत म्हातारा येऊन उभा राहिला. फेरी संपेपर्यंत पडद्याकडे बघत राहिला. घंटा झाल्यावर म्हणाला, "ही फेरी निळ्या चड्डीची. दहा-नऊ." आणि जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी दिनकर खाली आला आणि तिथून रविवार सुरू झाले.

पद्धत अशी होती. दोन वेगवेगळ्या काळांतले मिडलवेट घ्यायचे. प्रत्येकाला त्याच्या भरातल्या वर्षातून आणायचं: रॉबिन्सन एकावन्न सालचा, मोन्झोन बहात्तरचा, हॅगलर त्र्याऐंशीचा, हॉपकिन्स दोन हजार एकचा. फेऱ्या पंधरा. जयतीर्थराव आठवडाभर विचार करून फेरीगणिक गुण मांडत आणि रविवारी सकाळी दहा वाजता, कॉफीचे टंबलर आल्यावर, लढत वाचून दाखवत. दिनकर भांडत असे.

"मोन्झोनचा हात लांब आहे हो, राव. हॅगलर आत येणारच कसा?"

"सहाव्या फेरीपासून येतो. वाचतों, ऐक."

"आणि ग्रेबला कधी घेणार? जुने लोक सांगतात, त्याच्यासारखा झाला नाही."

"त्याच्या लढतींचं चित्रीकरण नाही. जें मी पाहिलें नाही त्याला गुण देणार नाही."

हे वाक्य ते फार ठासून म्हणत. पत्नी कनका आतल्या खोलीत मुलांना हिंदीच्या परीक्षांसाठी शिकवत असे. दारातून 'मोहन बाज़ार जाता है' असं सामुदायिक पठण ऐकू येई. मोहन बाजारात पोचेपर्यंत हॅगलर आठव्या फेरीत असे.

२००६च्या जूनमध्ये कनकाकडे श्रीनिधी नावाची नवी मुलगी येऊ लागली. तिला सोडायला आजोबा येत आणि तास संपेपर्यंत हॉलमध्ये पेपर वाचत बसत. रुंद खांद्यांचा, चपट्या नाकाचा, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस. नाव गुरुमूर्ती. दोन रविवार त्यानं पेपरचं पान उलटलं नाही. तिसऱ्या रविवारी पेपर घडी घालून बाजूला ठेवला आणि तमिळमध्ये विचारलं, "सार, तुमची भाषा मला कळत नाही. पण हॅगलर कळतो. तो जिंकला का?"

"गुणांवर," जयतीर्थराव तमिळमध्येच म्हणाले. आणि मग त्याच्या डाव्या खांद्याकडे बघत राहिले. तो खांदा उजव्यापेक्षा जरा पुढे होता. तसा खांदा त्यांनी एकदाच पाहिला होता.

"मीही मिडलवेट होतो," गुरुमूर्ती म्हणाला. "सत्तर साली खुल्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत होतो. एळुमलैकडून हरलो. तीन विरुद्ध दोन."

तीन वर्षांत तमिळ समजू लागलेला दिनकर खुर्चीतून उठलाच. जयतीर्थराव मात्र म्हणाले, "सेरी, बरं. कॉफी थंड होते आहे."

निघताना गुरुमूर्ती दारात घुटमळला. "सार, एक मागू? मला हॅगलरबरोबर उभं करा. मी किती टिकेन तेवढंच सांगा."

गुरुमूर्ती गेल्यावर दिनकर म्हणाला, "राव, याला काही अर्थ आहे का? रेल्वेचा हौशी खेळाडू आणि हॅगलर!"

"दोघांचं वजन पंचाहत्तर किलोच्या आत आहे," जयतीर्थराव म्हणाले. "नियमांत बसतें."

या लढतीला त्यांना तीन आठवडे लागले. ते नीट जेवेनात. कनकानं विचारलं तेव्हा म्हणाले, "गुरुमूर्ती पडतो आहे. कुठें पडतो तें ठरत नाही."

तिसऱ्या रविवारी त्यांनी कागद उलगडला. गुरुमूर्ती हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेत निकाल ऐकायला बसावं तसा बसला.

"पहिली फेरी," जयतीर्थराव वाचू लागले. "दोन मिनिटं दहा सेकंद. नॉकआउट."

"कुठल्या ठोशानं?"

"उजव्या हुकनं. तुम्ही डावीकडे सरकलात."

"सरकणारच. माझी सवय ती." गुरुमूर्तीनं मान डोलवली. "आणि मी? मी एकही मारला नाही?"

"एक. चाळिसाव्या सेकंदाला. डावा जॅब, नाकावर."

"त्याला लागला?"

जयतीर्थरावांनी कागदात पाहिलं. "त्यानं डोळे मिचकावले."

गुरुमूर्ती पाठ टेकून बसला. इतका खूश माणूस त्या खुर्चीत त्याआधी बसला नव्हता. हॅगलरनं डोळे मिचकावले, हे त्यानं दिनकरला दोनदा सांगितलं. दिनकरनंही वाद घातला नाही. मग गुरुमूर्ती म्हणाला, "आता दुसरी. सत्तर सालचा मी आणि सत्तर सालचा एळुमलै. पुन्हा."

"ती होणार नाही," जयतीर्थराव म्हणाले.

"का, सार? तो हॅगलरपेक्षा मोठा आहे का?"

जयतीर्थरावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "त्या दिवशी पाच जज्जांत मी एक होतो. बाकीचे चौघे दोन-दोन असे वाटले गेले. तीन फेऱ्या, फेरीला वीस गुण. माझ्या कागदावर एळुमलै साठ, तुम्ही एकोणसाठ."

आत मुलं 'लड़की गाना गाती है' म्हणत होती. दिनकर टंबलरच्या तळाकडे बघू लागला.

"मी तुम्हाला ओळखलं होतं," गुरुमूर्ती शांतपणे म्हणाला. "पहिल्याच दिवशी. म्हणूनच बसत होतो. सार, तिसऱ्या फेरीत मी तुम्हाला पाहिलं होतं. तुम्ही रुमाल डोळ्यांना लावला होता. तुम्ही रडत होता."

"मी रडत नव्हतो."

"माझ्यासाठी रडत होता. पोरगा इतका छान खेळतोय आणि हरणार, म्हणून. मी छत्तीस वर्षं घरी सांगत आलोय. बायकोला सांगितलं, सुनेला सांगितलं, श्रीनिधीलाही सांगितलंय. मी हरलो, पण एक जज्ज रडला."

इथं कुणाही शहाण्या माणसानं गप्प बसावं. पण जयतीर्थरावांनी पाठ केलेल्या नियमांत त्याची सोय नव्हती. "एळुमलैच्या नाकातून रक्त आलें," ते म्हणाले. "मला रक्त बघवत नाही. मी डोळे झाकले. सुमारें तीस सेकंद. उघडले तेव्हा घंटा झाली होती. काय घडलें तें मी पाहिलेंच नाही. दोघांना वीस-वीस लिहिले."

गुरुमूर्तीनं पेपर उचलला. तास संपायला पंधरा मिनिटं होती. ती पंधरा मिनिटं त्यानं पेपर वाचला, मग नातीचा हात धरून निघून गेला.

पुढचे दोन रविवार श्रीनिधीला सोडायला तिची आई आली. जयतीर्थरावांनी हॉपकिन्स आणि मोन्झोन यांची लढत मांडायला घेतली आणि चौथ्या फेरीत सोडून दिली. दिनकर म्हणाला, "सांगायची गरज होती का, राव?" कनका म्हणाली, "छत्तीस वर्षं मला सांगितलें नाहीं, आणि त्याला एका कॉफीत सांगितलें!" त्यांनी टंबलर विसळून ठेवला. ते काम ते एरवी करत नसत.

तिसऱ्या रविवारी गुरुमूर्ती आला. चपला काढल्या, नातीला आत पाठवलं आणि शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

"ते तीस सेकंद तुम्ही पाहिले नाहीत ना?" तो म्हणाला. "मला पाठ आहेत. दाखवतो. पाहा आणि गुण द्या."

एळुमलै म्हणून दिनकरला उभं केलं, कारण त्याचं वजन पंचाहत्तर भरत होतं. त्याच्या दोन्ही हातांत सोफ्याच्या उश्या दिल्या. कॉफीचं टेबल भिंतीशी सरकवलं. जयतीर्थराव खुर्ची ओढून, कागद मांडीवर घेऊन बसले. रुमाल त्यांनी कनकाकडे दिला.

एकसष्ट वर्षांचा गुरुमूर्ती हळूहळू फिरू लागला. डावा, डावा. उजवा पोटावर. तो हवेत थांबवून, आधी काय आणि नंतर काय ते सांगत होता. "इथं तो वाकला. इथं मी आत गेलो." पण पंधराव्या सेकंदाच्या सुमाराला त्यानं सांगणं बंद केलं. पाय भराभर पडू लागले, डावा खांदा पुढे आला. दिनकरनं कॉलेजातली आठवण होऊन उशी जरा खाली घेतली, आणि डावा हुक नेमका वरून आला.

दिनकरच्या नाकातून रक्ताची बारीक धार निघाली.

कनका दारात आली. तिनं आधी दिनकरकडे नाही, नवऱ्याकडे पाहिलं. जयतीर्थरावांचा चेहरा केळीच्या गाभ्यासारखा पांढरा झाला होता, पण डोळे उघडे होते. ते म्हणाले, "चालू द्या. अजून बारा सेकंद आहेत."

"राव!" दिनकर नाक धरून ओरडला.

"एळुमलै थांबला नव्हता," जयतीर्थराव म्हणाले.

दिनकरनं उरलेले बारा सेकंद काढले. मग जयतीर्थरावांनी आकडा लिहिला, खाली सही केली, तारीख घातली आणि कनकाकडे पाणी मागून आडवे झाले. दिनकरच्या नाकाला बर्फ लावला. सोमवारी त्यानं बँकेत कपाटाचं दार लागल्याचं सांगितलं.

पाणी पिऊन झाल्यावर निकाल आला. तिसरी फेरी गुरुमूर्तीची, वीस-एकोणीस. बेरीज एकोणसाठ-एकोणसाठ.

"म्हणजे बरोबरी!" गुरुमूर्ती म्हणाला.

"बरोबरी ठेवतां येत नाही. गुण सारखे झाले तर जज्जानं एकाचं नाव द्यावें लागतें. जो जास्त पुढाकार घेतो त्याचं." ते छताकडे बघत म्हणाले. "मला आठवडा द्या."

आठवडाभर ते पहिल्या दोन फेऱ्या आठवत राहिले. कनकानं एकदा समजावलं, "देऊन टाका त्याला. कुणाचें काय जाणार आहे?"

"एळुमलैचें."

"तो कुठें आहे इथें?"

"म्हणूनच," असं म्हणून ते पुन्हा दुसऱ्या फेरीत गेले.

रविवारी गुरुमूर्ती इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. जयतीर्थराव उभे राहिले. निकाल ते उभं राहूनच देत. "पहिल्या दोन फेऱ्यांत तुम्ही वाट बघत होतात. तो चालून येत होता. एळुमलै."

गुरुमूर्तीचा आवाज चढला. त्या घरात इतका मोठा आवाज त्याआधी कुणी ऐकला नव्हता. पुढे येणं म्हणजे पुढाकार नव्हे, दोन्ही फेऱ्यांत एळुमलैनं हवेत किती मारले ते मोजलंत का, असं तो म्हणाला. जयतीर्थराव म्हणाले, मोजले, अकरा. गुरुमूर्ती म्हणाला चौदा. आतलं हिंदी थांबलं. कनकानं येऊन दार लावून घेतलं. तासभर दोघं भांडले आणि कॉफी दोनदा झाली. शेवटी गुरुमूर्ती घाम पुसत म्हणाला, "निकाल चुकीचा आहे. पण बघून दिलात."

घरी त्यानं काय सांगितलं ते कळलं नाही. श्रीनिधीनं मात्र कनकाला एकदा विचारलं, "टीचर, तुमच्या सारांना खरंच रक्त चालत नाही?"

त्यानंतर रविवारी तीन खुर्च्या असत. एका माणसाचा निकाल धोक्याचा असतो हे सिद्ध झालं आहे, असं गुरुमूर्तीचं म्हणणं पडलं, आणि यापुढे तिघांनीही गुण द्यायचे असं ठरलं. जयतीर्थराव हो म्हणाले आणि पस्तावले. वर्षभरात तेवीस लढती झाल्या. त्यांपैकी चौदांत ते अल्पमतात गेले. मोन्झोननं हॉपकिन्सला हरवलं ते दोन विरुद्ध एकनं. तो एक म्हणजे जयतीर्थराव.

ते निकाल मान्य करत आणि कागदाच्या तळाशी बारीक, सुवाच्य अक्षरांत आपलं वेगळं मत लिहीत. श्रीनिधी हिंदीची परीक्षा दुसऱ्या श्रेणीत पास झाली आणि पुढच्या परीक्षेला बसली. म्हणजे गुरुमूर्तीला आणखी सहा महिने यावंच लागणार होतं. नव्या तासाच्या पहिल्याच रविवारी त्यानं ग्रेबचं नाव पुढे केलं. दिनकरनं लगेच हात वर केला. जयतीर्थराव म्हणाले, "चित्रीकरण नाही."

"दोन विरुद्ध एक," गुरुमूर्ती म्हणाला आणि कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला.